पहिलं व्हायोलिन: पाच हजारांचं की पंधरा हजारांचं? पुण्यातल्या पहिल्या वर्षाचा हिशेब

माझी मुलगी मुक्ता सात वर्षांची असताना आम्ही साडेचार हजारांचं व्हायोलिन ऑनलाइन मागवलं. पेटी, गज, गजाच्या केसांना घासायची रोझिनची वडी, सगळं एकाच खोक्यात आलं. तारा उचलून धरणारी लाकडी घोडी मात्र पेटीत सुटी पडलेली होती. ती उभी केली तर तारा बोटांखालच्या पट्टीपासून इतक्या वर राहिल्या, की दाबताना पोरीची बोटं लाल व्हायची. खुंटी पिळून सूर लावावा आणि हात काढताच ती सर्रकन सैल पडावी, असं रोज चालायचं. दोन महिन्यांत ती म्हणाली, मला नाही वाजवायचं. तिला आवड नाही असं मी धरून चालले होते. मग क्लासच्या बाईंनी आपल्याकडचं जुनं छोटं व्हायोलिन तिच्या हाती दिलं आणि त्याच आठवड्यात ती आरोह-अवरोह वाजवत घरभर फिरू लागली.

म्हणून कोणी किंमत विचारली की मी आधी विचारते, शिकायचं काय आहे? रागसंगीत, भावगीतं की पाश्चात्त्य? वाद्य तेच असलं तरी खर्चाच्या वाटा इथेच फुटतात. हिंदुस्थानी पद्धतीत बहुतेक जण मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, उजव्या पावलावर टेकवतात आणि तारा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा लावतात. खांद्यावर व्हायोलिनला आधार देणारा शोल्डर रेस्ट यात लागत नाही, पण मींड घ्यायला बोट तारेवर सलग सरकायला हवं, त्यामुळे पट्टी गुळगुळीत आणि तारा बऱ्या असाव्या लागतात. पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीवर बसून वाजवतात, तारा जी-डी-ए-ई अशाच राहतात आणि शोल्डर रेस्ट बहुतेकांना पहिल्या दिवसापासून लागतो. पुण्यात बरेच जण तिसऱ्याच ओढीने येतात. व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांच्या वाद्याला लोक ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणत आणि तसं एखादं भावगीत आपल्याला वाजवता यावं, एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांनीही हिंदुस्थानी शिकवणाऱ्यांकडे जावं असं मला वाटतं, कारण गळ्यातली हरकत बोटांत उतरवायची सवय तिथे लागते. गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, ते उगीच नाही.

आता वाद्य. इथल्या दुकानांत आणि ऑनलाइन मला ढोबळमानाने तीन थर दिसले. साडेतीन ते सहा हजारांत बिननावाचे किंवा अनोळखी नावाचे संच मिळतात. दहा ते अठरा हजारांत विद्यार्थ्यांसाठी नीट बनवलेली वाद्यं मिळतात, स्टेंटर कंपनीची सुरुवातीची व्हायोलिनं याच जातीची. पंचवीस हजारांच्या पुढे यामाहा वगैरे. तिसऱ्या थराकडे पहिल्या वर्षी बघायची गरज नाही.

पहिल्या दोन थरांतला फरक मात्र नीट समजून घ्यावा. चांगल्या व्हायोलिनचा वरचा तक्ता स्प्रूसचा, पाठ आणि कडा मेपलच्या, बोटांची पट्टी आणि खुंट्या आबनूस (एबनी) किंवा तशाच कठीण लाकडाच्या असतात. स्वस्तातली पट्टी पुष्कळदा साध्या लाकडाला काळा रंग फासलेली असते. काही महिन्यांत बोटांखालचा रंग उडतो, मग तिथे खाचा पडतात आणि सूर घरंगळतो. खुंट्या भोकांत नीट बसवलेल्या नसतात. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून त्या घट्ट अडकतात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत सुटतात. हा त्रास चांगल्या वाद्यालाही होतो, पण तिथे खुंट्यांसाठी मिळणारी पेस्ट थोडी लावली की भागतं.

खरं काम घोडीचं आणि साउंड पोस्टचं. घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. ती प्रत्येक व्हायोलिनसाठी वेगळी घासून बसवावी लागते. आतली साउंड पोस्ट नावाची काडीही तशीच, नुसत्या दाबाने उभी असते. पडली की आवाज बसतो, आणि त्या अवस्थेत तारा ताणल्या तर वरचा तक्ता खचण्याची भीती असते. घरच्या घरी गोंदाने चिकटवायच्या फंदात पडू नका. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. घोडी, खुंट्या, काडी एवढं नीट करून घ्यायला दीड ते तीन हजार धरून ठेवा. हे पैसे वाचवले तर पंधरा हजारांचं वाद्यही साडेचार हजारांच्यासारखंच छळतं.

मोठ्या माणसाने पूर्ण आकाराचं व्हायोलिन घेऊन महिना दीड हजाराच्या गट-वर्गात नाव घातलं, तर वर्षाचा अंदाज साधारण असा येतो:

| | स्वस्त संच | विद्यार्थी व्हायोलिन | जुनं, चांगलं |
|---|---|---|---|
| वाद्य | 5,000 | 15,000 | 9,000 |
| जुळणी, दुरुस्ती | 2,500 | 1,500 | 3,000 |
| तारा, रोझिन वगैरे | 2,000 | 1,500 | 2,000 |
| बारा महिन्यांची फी | 18,000 | 18,000 | 18,000 |
| एकूण रुपये | 27,500 | 36,000 | 32,000 |

सगळ्यात मोठा आकडा फीचा आहे, आणि आपण घासाघीस करतो ती वाद्यावर! दुसरं म्हणजे, वर्षाने शिकणं सोडलंत तर स्वस्त संचाला गिऱ्हाईक मिळत नाही. पंधरा हजारांचं नीट ठेवलेलं व्हायोलिन निम्म्या किमतीला गेलं तरी साडेसात हजार परत येतात. मग खर्च उरतो 28,500. दोन्हींत फरक राहिला हजाराचा, आणि त्या हजारात वर्षभर सुरात वाजवायला मिळालं.

जुनं घ्यायचं असेल तर शिक्षकांना सोबत न्या, नाही तर निदान फोटो दाखवा. मान सरळ आहे का, वरच्या तक्त्यावर चीर आहे का, हे पाहा. कडेचा सांधा सुटला असेल तर तो परत चिकटवता येतो, तेवढ्यासाठी चांगलं वाद्य सोडू नका. गजाचे केस झडलेले असले तर नवे भरून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

फीचं गणित शिकवण्याच्या पद्धतीवर फार बदलतं. मी चौकशी केली तेव्हा आठवड्याला दोन दिवसांच्या गट-वर्गाला महिना हजार ते अठराशे सांगत होते. एकट्याने शिकायचं तर तासाला पाचशे ते हजार, घरी येऊन शिकवायचं तर त्याहून जास्त. आठशेचे महिन्याला चारच तास धरले तरी वर्षाचे अडतीस हजारांवर होतात. तरीही जमत असेल तर पहिले तीन महिने एकट्याने शिकून मग गटात जावं, असं माझं ठाम मत आहे. गज धरायची पद्धत, मनगट, अंगठ्याची जागा हे सगळं त्याच काळात बसतं, आणि चुकीचं बसलेलं पुढे मोडायला वर्ष लागतं. दहा जणांच्या वर्गात शिक्षकांची नजर प्रत्येकाच्या अंगठ्यावर कशी पडणार? याच कारणाने निव्वळ ऑनलाइन शिकवणीने सुरुवात करू नये. सहा-आठ महिन्यांनी ती चालते.

परीक्षांचा खर्च वेगळा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची फी शेकड्यांत असते, पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेडची हजारांत. पहिल्या वर्षी दोन्ही टाळता येतात.

लहान मुलांसाठी वरचा खर्चाचा हिशेब तसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांना पाव, अर्धं, पाऊण अशा आकारांची व्हायोलिनं लागतात आणि दर दीड-दोन वर्षांनी आकार बदलतो. वयावरून आकार ठरवू नका. डावा हात सरळ लांबवून व्हायोलिन मानेशी धरायला लावा. तळहात व्हायोलिनच्या डोक्याला सहज कवेत घेत असेल तर आकार बरोबर, बोटांची टोकंच पोचत असतील तर मोठा. ‘वाढत्या अंगाचं’ घेऊ नका, तो नियम शाळेच्या गणवेशाचा. छोट्या आकारात जुनं घेणंच शहाणपणाचं, कारण ते कोणीच फार दिवस वापरत नाही. क्लासमधल्या मोठ्या मुलांच्या आईवडिलांना विचारा, एखाद्याच्या माळ्यावर नक्की निघतं. मुक्ताचं अर्धं व्हायोलिन असंच सहा हजारांना मिळालं, पाऊण आकारावर गेल्यावर आम्ही ते पाच हजारांना पुढच्या मुलाला दिलं.