पारिजातक की बहावा? घरापाशी एकच झाड लावायचं असेल तर

गुलमोहर नको (तो मूळचा मादागास्करचा), आपल्याच मातीतलं फुलझाड हवं असं ठरलं की बहुतेकांची गाडी पारिजातक आणि बहावा या दोघांवर येऊन थांबते. दोन्ही सुंदरच आहेत, पण नर्सरीत जायच्या आधी फोटो बघू नका, टेप घेऊन अंगण मोजा.

बहावा सहज ३०-४० फूट जातो, त्यामुळे भिंतीपासून निदान १५ फूट लांब आणि वर वायर नसेल अशीच जागा हवी. एप्रिल-मेमध्ये पानं जवळजवळ झडलेली असतात आणि हातभर लांब पिवळेधमक घोस लटकतात, त्यावर काळे मोठे भुंगे दिवसभर घुमत असतात, हे ज्याने बघितलंय त्याला दुसरं झाड पटवणं कठीण! पण बी लावलंत तर फुलं यायला बरीच वर्षं जातात. बी लावायचंच असेल तर कवच आधी सॅंडपेपरवर घासून घ्या, नाहीतर ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं. आणि दीड-दोन फूट लांब काळ्या शेंगा पडतात, खाली गाडी लावत असाल तर विचार करा. लहान मुलं असतील तर शेंगातला गर तोंडात जाऊ देऊ नका, जोरदार रेचक आहे.

पारिजातक मात्र छाटून ८-१० फुटांत आरामात ठेवता येतो, अगदी मोठ्या ड्रममध्येसुद्धा जगतो. लवकर फुलतो, साधारण पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत. फुलं संध्याकाळी उमलतात आणि पहाटे गळतात, म्हणजे दिवसभर बाहेर असणाऱ्यालाही वास आणि सडा दोन्ही मिळतं, बहाव्याला तसा वास फार नाही. पानं हाताला खरखरीत लागतात, उन्हाळ्यात झाड थोडं उघडंबोडकं दिसतं, तेव्हा मेलं समजून उपटू नका. बहर संपला की छाटणी करा, नव्या फांद्यांवर फुलं जास्त येतात. फक्त बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात.

पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात दोघांनाही पाणी घालावंच लागतं, पुढे बहावा स्वतःचं बघतो.

माझं मत स्पष्ट आहे, जागा १५ फुटांपेक्षा कमी असेल तर पारिजातकच लावा, बहाव्याला दरवर्षी करवत लावून त्याचा आकार बिघडवण्यात काही अर्थ नाही. आणि मोकळी जागा असेल तर मात्र बहावा लावाच, याच पावसाळ्यात.