४८ मेगापिक्सेलला भुलले आणि साडेसोळा हजार गेले

माझ्या आईकडे पक्ष्यांची एक वही आहे. कुठला पक्षी, कुठे दिसला, भरती होती की ओहोटी, सगळं तारखेनिशी. ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीची एक तरी फेरी ती करतेच. फोनच्या फोटोत पक्षी तांदळाच्या दाण्याएवढे येतात, म्हणून यंदा तिला लांबचं जवळ आणणारा, पर्समध्ये मावेल असा कॅमेरा घेऊन द्यायचं मी ठरवलं. १८ हजार बाजूला काढले.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानाला फोन केला. नामांकित कंपनीचं एक मॉडेल '१७,५०० ला देतो' म्हणाले आणि ते बाजूला ठेवायला २,००० रुपये यूपीआयनं घेतले. ते मॉडेल त्या भावात नवं मिळत नाही, हे मला नंतर समजलं. तिथे गेल्यावर मालक दुसऱ्याच कॅमेऱ्याची पेटी पुढे करत म्हणाले, "ताई, तो पीस सकाळीच गेला. आणि खरं सांगू का, त्याच्या लेन्सच्या फार तक्रारी आहेत. त्यात २० मेगापिक्सेल, यात बघा, ४८! झूमपण १६ पट." मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले ठिपके, दहा-दहा लाखांत मोजलेले. पेटीवरचं कंपनीचं नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं. पण २,००० अडकले होते, मागे गिऱ्हाईक उभं होतं, आणि ४८ हा आकडा २० पेक्षा मोठा होता.

बिल मागितलं, तर "पक्कं हवं असेल तर १८ टक्के वर पडतील" असं उत्तर आलं. पेटीवर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. खरं तर त्या पेटीवर एमआरपी नव्हतीच. आयात केलेल्या मालाच्या पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता असावा लागतो, तोही नव्हता. उरलेले १४,५०० ज्या क्यूआर कोडवर गेले, तो दुकानाच्या नावाचा नसून कुणा व्यक्तीच्या नावाचा होता. हातात आली एक कच्ची पावती: 'कॅमेरा १ नग, १६,५००'. शिक्का नाही, सही नाही.

रविवारी बोटीवर आईनं झूमचं बटण दाबलं. लेन्स जागची हलली नाही. स्क्रीनवर फ्लेमिंगो मोठे झाले आणि त्याबरोबर फुटले, नुसते गुलाबी चौकोन. तिनं चार-पाच फोटो काढले, कॅमेरा पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "अगं, छान आहे, मला अजून सवय नाही ना." मला रडू आलं.

आमच्या सोसायटीत लग्नाचे फोटो काढणारा एक दादा राहतो. त्यानं माहितीपत्रक उघडून शेवटच्या पानावरची बारीक ओळ दाखवली: सेन्सर, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारा आतला भाग, १३ मेगापिक्सेलचा. बाकीचे ठिपके कॅमेरा स्वतःच अंदाजानं भरतो, त्याला इंटरपोलेशन म्हणतात. त्यातून पक्ष्याच्या अंगावरचं एक पीसही जास्तीचं दिसत नाही. १६ पट झूम डिजिटल, म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ते काम फोनही करतो. मेगापिक्सेलचा हिशेबही त्यानं कागदावर मांडला. ४ बाय ६ इंचाच्या छान छपाईला साधारण २ मेगापिक्सेल लागतात, ए-फोरला ९ च्या आत. आईला लागत होता तो ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्स खरोखर हलून लांबचं जवळ आणणारा. तो ओळखणं सोपं आहे: लेन्सच्या कडेवर ४.३–१७२ असे दोन आकडे असतील, तर मोठ्याला लहानानं भागा, ४० पट. एकच आकडा असेल तर ऑप्टिकल झूम नाही.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. १ इंची सेन्सर त्याच्या चौपट क्षेत्रफळाचा, कमी उजेडात कितीतरी चांगला, पण महाग आणि झूमला आखूड. घरातले कार्यक्रम टिपायचे असतील तर मोठा सेन्सर बघा, उन्हातले पक्षी टिपायचे असतील तर लांब झूम. १८ हजारांत वापरलेला पण चांगल्या कंपनीचा कॅमेरा बघायला हवा होता: झूम पूर्ण आत-बाहेर करून, लेन्सचा आवाज ऐकून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यावर डाग येतात का ते तपासून.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. "विकलेला माल परत नाही," आणि वर, "हा आमच्याकडून घेतला कशावरून?" बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्याला नकार देणं हीसुद्धा. हे मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर वाचलं. तक्रार गेल्यावर दुकानातून फोन आला, "५,००० घ्या आणि मिटवा." मी नाही म्हटलं. आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

यूपीआयच्या दोन्ही नोंदी, फोनवरचे मेसेज आणि ती कच्ची पावती एका पाकिटात आहेत. कॅमेरा पेटीत, माहितीपत्रकासकट, कपाटात वर ठेवलाय. आईनं बोटीवर काढलेले ते फोटोही मी पुसलेले नाहीत, तेही अर्जाला जोडणार आहे.