भाताच्या खोडकिडीसाठी कामगंध सापळे

गाभेमर (खोडकिडीने रोपाचा मधला पोंगा वाळणं) दिसली की खाचरात फोरेट या कीटकनाशकाचे दाणे फेकायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. 2020 अखेर फोरेटवर बंदी आली ते फार बरं झालं. दाणे पडले की पाणनिवळ्या मरून तरंगायच्या, चतुराची पिल्लं दिसेनाशी व्हायची. ही पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात आणि पंख फुटले की भातावरचे पतंग, तुडतुडे धरतात. त्यांना मारून कीड कशी कमी होणार?

कामगंध सापळ्यातून विष पाण्यात उतरतच नाही. सापळ्यातल्या गोळीतला मादीचा गंध खोडकिडीच्या नर पतंगांनाच ओढतो. नुसत्या पाहणीला हेक्टरी 5 सापळे पुरतात, पतंग घटवायचे तर 20 लावा. पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, आणि गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलायची.

कोकणच्या पावसात मात्र सापळ्याच्या पतंग साठणाऱ्या पिशवीत पाणी साचतं. मी तळाला बारीक भोकं पाडतो. एवढ्यावर खोडकिडा संपत नाही, कापणीनंतर धसकटं नांगरून काढावीच लागतात. तरी माझ्या खाचरात आता टाचण्या (चतुरासारखे बारीक कीटक), गोगलगायी, खेकडे पुन्हा भरपूर आहेत, म्हणून मी हेच घेत राहणार. घेताना पाकीट वाचा: गोळी भाताच्या खोडकिडीचीच हवी, कापसाच्या बोंडअळीची इथे चालत नाही.