संमतीपत्राची चौदा पाने: शल्यचिकित्सा विभागातील विद्यार्थी-संशोधनाचा अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

मागील आठवड्यात वसतिगृहाची खोली बदलताना खाटेखालून रुग्णांच्या संमतीपत्राच्या झेरॉक्सचे दोन गठ्ठे निघाले. १४० संच, प्रत्येक संचात १४ पाने, प्रत्येक पानाला दीड रुपया, म्हणजे एकूण २,९४० रुपये. आणि त्यांतील एकही पान कोणत्याही रुग्णाच्या हातात गेलेले नाही. आमच्या शल्यचिकित्सा विभागात पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन करण्याची संधी खरोखर आहे का, असे कनिष्ठ मुले-मुली मला अधूनमधून विचारतात. प्रत्येकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, हे बरेच दिवस मनात होते. त्या गठ्ठ्यांनी ते लिहायला लावले. महाविद्यालय खानदेशातील आहे, एवढे सांगणे पुरे. नाव लिहीत नाही, कारण माझ्या परीक्षा अजून तेथेच व्हायच्या आहेत.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे, काम दोन महिन्यांचे असते आणि मानधन ५०,००० रुपये आहे, हे सर्वांना ठाऊक असते. दोन गोष्टींकडे मात्र अर्ज भरताना फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एक म्हणजे, एका मार्गदर्शकाला एकच विद्यार्थी घेता येतो आणि रेसिडेंट डॉक्टर (पदव्युत्तर शिक्षण घेणारे) मार्गदर्शक होऊ शकत नाहीत. त्यामुळे विभागात जितके पूर्णवेळ अध्यापक, तितक्याच जागा, आणि त्यांतीलही निम्म्या अध्यापकांना या कामात रस नसतो. दुसरे असे की मानधन अहवाल मंजूर झाल्यावर मिळते, तोवर सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असतो. माझे वडील यावल तालुक्यात केळी पिकवतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माल कापून गाडीत भरायचा आणि भाव मागाहून कळणार." ही पद्धत त्यांच्या चांगल्या परिचयाची असल्याने त्यांनी पैसे दिले, परंतु हिशेबाची वहीही सोबत दिली. या लेखातील रकमा त्या वहीतल्याच आहेत.

विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी सुचवला: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा जंतुसंसर्ग. सर्वमान्य व्याख्येनुसार अशा शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत झालेला संसर्ग मोजायचा असतो, आणि माझी पहिली चूक याच ठिकाणी झाली. दोन महिन्यांच्या कामातून पाठपुराव्याचे ३० दिवस वजा केले की नवे रुग्ण घेण्यासाठी ३० दिवसच उरतात, हे साधे गणित मी अर्ज भरताना केले नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ६६ देशांतील १२,५३९ रुग्णांच्या अभ्यासात मध्यम मानवी विकास निर्देशांकाच्या देशांमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर या संसर्गाचे प्रमाण १४ टक्के आढळले होते. तो आकडा पीएसएमच्या (सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या) तासाला शिकवलेल्या सूत्रात घालून, सहा टक्क्यांची चूक मान्य धरली, तेव्हा १३४ रुग्ण लागतील असे उत्तर आले. त्यावर सहा जादा धरून १४० संच काढले. तीस दिवसांत १३४ रुग्ण म्हणजे रोज चार ते पाच पात्र रुग्ण हवेत. आमच्या ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) यादी एकदा जरी डोळ्यांखालून घातली असती, तरी ते अशक्य असल्याचे कळले असते. प्रत्यक्षात ९२ मिळाले. अहवालात तसे स्पष्ट लिहिले आहे.

विभागातील इतर वाटांविषयी थोडक्यात सांगते. दुर्मीळ रुग्णाचा केस रिपोर्ट लिहिणे सर्वांत स्वस्त पडते, मात्र तो छापण्यासाठी पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. रेसिडेंटच्या प्रबंधासाठी तक्ते भरून देण्याचे काम मागेल त्याला मिळते. त्यातून शिकायलाही मिळते, पण अखेरीस आपले नाव आभारप्रदर्शनाच्या ओळीत जाते. लेखकत्वाचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) चार निकष पाहिले तर नुसते तक्ते भरणाऱ्याला तेवढेच मिळायला हवे, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकही तक्ता न भरता लेखकांच्या यादीत बसणाऱ्यांबद्दल, आणि ती येथे लिहून उपयोग नाही. जुन्या केसपेपरांवरून केलेला अभ्यास आर्थिकदृष्ट्या परवडतो, कारण त्यात रुग्णाच्या सहीचे कागद बहुधा लागत नाहीत आणि एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती, तशी सूट देऊ शकते. सुरुवातीला माझा कल तिकडेच होता. तो का बदलला, ते पुढे येईलच.

आता संमतीपत्राकडे येते. या एका कागदाविषयी मी इतके बोलले आहे की मैत्रिणी आता विषय निघताच उठून जातात. आंतरजालावर सापडलेला एक नमुना घेऊन मी सात पानांचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र तयार केले. एक प्रत रुग्णाला द्यायची आणि एक आपल्याकडे ठेवायची, म्हणून चौदा पाने. एथिक्स कमिटीची बैठक आमच्याकडे साधारण तीन महिन्यांतून एकदा होते. मंजुरी मिळताच दुसऱ्या दिवशी काम सुरू करता यावे म्हणून बैठकीच्या आधीच सगळे संच काढून ठेवण्याचा शहाणपणा मी केला. बैठकीत बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी, जे वकील होते, एकच प्रश्न विचारला: "डिस्चार्ज झाल्यानंतर तुम्ही रुग्णाला घरी फोन करणार आहात, हे यात कोठे लिहिले आहे?" ते कोठेही लिहिलेले नव्हते. समितीने मजकूर निम्मा करायला आणि फोनविषयीचे कलम घालायला सांगितले. नवी आवृत्ती म्हणजे प्रत्येक पानावर नवा आवृत्ती क्रमांक आणि नवी तारीख, आणि जुने १४० संच थेट रद्दीत. चार पानांचे नवे पत्र, दोन प्रती, असे १०० संच काढायला आणखी १,२०० रुपये गेले. झेरॉक्सवाल्या काकांनी दुसऱ्या वेळी दहा रुपये सोडले, तेही वहीत लिहिलेले आहे.

त्या काळात मला कोणी विचारले असते तर या संधीला पाचपैकी दोन तारे दिले असते, आणि एक तारा समितीच्या नावाने मुद्दाम कापला असता.

कागदाची किंमत एक वेळ बाजूला ठेवता येईल, परंतु त्यावरील भाषेचा प्रश्न तितका सहज सुटला नाही. मराठी मजकुरात मी "ऐच्छिक सहभाग", "गोपनीयता", "प्रतिकूल परिणाम" असे शब्द वापरले होते आणि समितीने ते मान्यही केले. वॉर्डात पहिल्याच दिवशी अमळनेरकडच्या एका आजींनी कागद उलटसुलट करून विचारले, "सही कसाले करनी माय? जमीन लिखी लेतस का काय?" मी यावलची, आमच्या घरात लेवा बोली, अहिराणी मला समजते, पण बोलताना अडखळते. शेवटी वॉर्डातील मावशींनी आजींच्या कानाशी वाकून दोन वाक्ये सांगितली. पहिले, जखम पिकते की नाही तेवढेच ही पोरगी लिहून ठेवणार आहे; आणि दुसरे, "तू नही म्हनी तरी इलाज चालूच राही." माझ्या चार पानांत जे होते ते या दोन वाक्यांत आले होते, आणि आजींना ते कळलेही होते. सही करता न येणाऱ्या रुग्णाचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, म्हणून शेजारच्या खाटेवरील बाईंच्या मुलाची सही घेतली. धडगावकडून आलेल्या पावरी बोलणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत मावशींचाही उपयोग नव्हता. तेथे आश्रमशाळेत शिकलेला नातेवाईक शोधावा लागे, आणि तो भेटेपर्यंत कित्येकदा रुग्ण ओटीत गेलेला असे.

रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ते वाक्य मी समितीला दिलेल्या अर्जात उद्धृतही केले होते. माझे प्रमाण मराठी म्हणजेच ती भाषा, हे गृहीत धरून.

समितीविषयीचे माझे मत बदलले ते पाठपुराव्याच्या फोनमुळे. हे फोन संध्याकाळी सातनंतर करावे लागत, कारण दिवसा लोक शेतात असत. केसपेपरवरचा क्रमांक पुष्कळदा रुग्णाचा नसतोच. तो शेजाऱ्याचा असतो, नाही तर गाडी चालवणाऱ्या मेहुण्याचा. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीसाठी बारडोलीकडे निघून गेली होती आणि त्यांचे फोन लागत नव्हते. ९२ पैकी ७४ जणांशी तिसाव्या दिवशी बोलणे झाले. त्यांत शहाद्याकडचे, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर जखम स्वच्छ असल्याची नोंद होती. बाराव्या दिवशी जखमेतून पू आला, गावातील डॉक्टरांनी दोन टाके काढून ड्रेसिंग केले आणि आठवडाभरात जखम भरली. त्यासाठी एवढ्या लांब रुग्णालयात कशाला यायचे, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. मी केसपेपरांवरून अभ्यास केला असता तर हे गृहस्थ संसर्ग न झालेल्यांच्या रकान्यात गेले असते, आणि फोन केला असता पण त्याचे कलम संमतीपत्रात नसते, तर ही माहिती वापरण्याचा मला अधिकारच राहिला नसता. वकील सदस्यांचा तो प्रश्न मला तेव्हा नीट कळला. कापलेला तारा परत दिला आहे.

फोनवर सर्व काही कळते असेही नाही. "टाकामाईन पानी येस, पन ताप नही," असे एका बाईंनी सांगितले, तेव्हा तो संसर्ग मानायचा की नुसता टाक्यापुरता स्राव, हे मला ठरवता येईना. टाक्याच्या छिद्रापुरती मर्यादित लाली आणि स्राव या व्याख्येत धरत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर जखमेचा फोटो मागवणे सोपे होते, परंतु फोटोचे कलम नव्या आवृत्तीतही नव्हते. तिसरी आवृत्ती काढायची माझी आर्थिक तयारी नव्हती. अशा रुग्णांना सरांच्या ओपीडीत बोलावले. काही आले, काही आले नाहीत.

आता समितीच्या कार्यालयाच्या सेवेविषयी, आणि येथे माझा राग शमलेला नाही. समितीच्या मंजुरीपत्रावर माझ्या विषयाचे नाव टंकताना "शस्त्रक्रियोत्तर" ऐवजी "शस्त्रक्रियापूर्व" झाले होते. अहवालासोबत हे पत्र जोडावे लागते आणि त्यावरील नाव अर्जातील नावाशी जुळले नाही तर अडचण येणार, हे उघड होते. समितीचे अध्यक्ष नियमानुसार संस्थेबाहेरचे असतात, त्यामुळे ते बैठकीलाच येतात. म्हणून दुरुस्ती पुढच्या बैठकीतच होईल, असे कार्यालयात सांगण्यात आले. मी अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांक घेतला. चार दिवसांनी अर्ज सापडत नसल्याचे कळले, दुसरा दिला, त्यावरही क्रमांक घेतला. एकोणीस दिवसांनी एका रेसिडेंट मॅडमनी सहज सांगितले की असे शुद्धिपत्रक सदस्य-सचिवांच्या सहीने निघू शकते, आणि सदस्य-सचिव तर आमच्याच संस्थेतले, दोन मजले वर बसणारे. त्यांनी पाच मिनिटांत सही केली आणि मी आधी का आले नाही, असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही.

विश्लेषणासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. एपी इन्फो हे सॉफ्टवेअर मला फुकट मिळाले आणि एवढ्या माहितीला ते पुरले. टक्केवारी आणि काय-वर्ग (chi-square) चाचणी यांपलीकडे मला काही लागले नाही. जे अठरा रुग्ण हरवले त्यांचे काय करायचे, हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवत नाही. सरांनी तीन संध्याकाळी बसून तो शिकवला आणि त्या तीन संध्याकाळी मला सगळ्या अकरा महिन्यांतून अधिक उपयोगी वाटल्या. त्यांनी माझ्या मसुद्यातील "संसर्ग झाला नाही" हे शब्द चौदा ठिकाणी खोडून "संसर्गाची नोंद मिळाली नाही" असे लिहिले.

अहवाल पाठवला आहे. निकाल यायचा आहे. वहीत एकूण खर्च ५,८७० रुपये दिसतो, त्यात फोनचे रिचार्ज आणि दोन वेळचे एसटीचे भाडे धरले आहे. पुढच्या वर्षी ज्यांना विभागात काम करायचे असेल त्यांनी मंजुरी हातात पडेपर्यंत दहापेक्षा अधिक प्रती काढू नयेत, आणि वॉर्डातील मावशींना पहिल्याच दिवशी भेटावे. माझ्याकडील जुन्या संचांच्या पाठी कोऱ्या आहेत. कोणाला कच्च्या कामाला हव्या असतील तर घेऊन जावे, निम्मे मी औषधशास्त्राच्या टिपणांना ठेवले आहेत.

त्या अमळनेरकडच्या आजींचा फोन अजून येतो. काल त्यांनी सुनेच्या पोटदुखीविषयी विचारले. मी विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही, हे पुन्हा सांगितले आणि ओपीडीचे वार दिले. येताना संमतीपत्र आणायचे का, असे त्यांनी विचारले. त्यांनी ते जमिनीच्या कागदांसोबत जपून ठेवले आहे.