चार फिडल आणि नवतपा: हेलिकोर तारांविषयी

डॅडारियो कंपनीच्या हेलिकोर या व्हायोलिनच्या तारा (एच ३१०, फुल साइज, मीडियम टेन्शन) रागदारी वाजवणाऱ्यांना सहसा रुचत नाहीत. मींड घेताना आवाज कोरडा लागतो, ही तक्रार खरी आहे. पण चार जणांनी मिळून स्कॉटिश फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवायचं असेल, आणि तेही नागपुरात, तर याच घ्याव्यात.

ब्लेझिन फिडल्स या १९९८ पासूनच्या संचात फिडलांच्या मागे पियानो आणि गिटार असतात, खालची बाजू ते सांभाळतात. रँट या संचाने ती सोयच ठेवली नाही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या जेना आणि बेथनी रीड या बहिणी, हायलँड्सच्या सारा-जेन समर्स आणि लॉरेन मॅकॉल, अशी नुसती चार फिडल घेऊन तो उभा राहिला. वीण चेंबर म्युझिकची, पण चेलो नाही. असा मेळ बांधताना एकाकडे चाल, दुसऱ्याकडे तीच चाल खालच्या सप्तकात, तिसरा दोन तारा एकदम घासून आस धरतो, चौथा गजाच्या टाचेने ठेका देतो. फिडलच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई. त्यांतली सर्वांत खालची, मोकळी ‘जी’ तार १९६ हर्ट्झची. त्याखाली कुणीच नाही. म्हणून तारांचा संच निवडताना आधी खर्जाची तार ऐकावी. ई कितीही चमकली तरी या संगीतात तिच्यावर इमारत उभी राहत नाही.

सीताबर्डीत सहज मिळणारी डॅडारियोचीच प्रेल्यूड ही भरीव स्टीलच्या गाभ्याची. स्वस्त, दणकट, शिकणाऱ्याला ठीक. पण तिची ‘जी’ तार घोगरी असते आणि उशिरा बोलते. हेलिकोरचा गाभा बारीक स्टीलच्या तारांना पीळ देऊन केलेला, त्यामुळे तार लवचीक राहते आणि गज टेकताच बोलते. स्ट्रॅथस्पे ही स्कॉटिश नाचाची चाल वाजवताना हे फार लागतं. त्यातल्या झटक्यात आधी पाव मात्रेचा स्वर आणि मग पाऊण मात्रेचा. पहिला स्वर उशिरा उमटला की झटका जातो आणि उरतं ते नुसतं हिंदकळणं.

संथ चालींत मात्र थॉमास्टिक कंपनीची डॉमिनंट तार सरस, यात वाद नको. १९७० पासूनची ही पर्लॉन (एक प्रकारचं नायलॉन) गाभ्याची तार ऊबदार वाजते. पण नवी असताना चार-सहा दिवस ताणतच राहते, आणि चौघांनी वेगवेगळ्या दिवशी तारा बदलल्या की तालमीचा अर्धा वेळ खुंट्या पिळण्यात जातो.

शेटलंडकडच्या काही चाली ए-ई-ए-ई अशा लावणीत वाजतात. जी आणि डी एकेक पूर्ण स्वर वर. साथीला स-प-स-प लावणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. फक्त इथे तारा उतरवायच्या नसून चढवायच्या आहेत. पूर्ण स्वर चढवला की त्या तारेवरचा ताण साधारण २६ टक्के वाढतो, म्हणून या लावणीसाठी हेवी टेन्शनचा संच घेऊ नये. चढवताना घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे झुकतो. दर वेळी बाजूने पाहावं: तिची टेलपीसकडची (तारा मागे जिथे अडकतात त्या बाजूची) पाठ पोटाशी, म्हणजे वरच्या फळीशी, काटकोनात हवी. झुकलेली घोडी महिनाभर तशीच राहिली की वाकते, आणि वाकलेली सरळ करण्यापेक्षा नवी बसवणं सोपं.

आता आपली हवा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, लाकूड सुकतं, खुंट्या आकसून सुटतात. त्याच खोलीत कूलर लावला की दमटपणाने लाकूड फुगतं आणि सूर चढतो. स्टील ओल पीत नाही, पण लांबीत केसभर फरक पडला तरी स्वर हलतो. हेलिकोरमध्ये हा त्रास प्रेल्यूडपेक्षा कमी, शून्य नाही. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या एसी जागेत शिरल्यावर वीस मिनिटं पेटी उघडी ठेवावी आणि मगच सूर लावावा. कूलरच्या झोतासमोर बसू नये. गजाचे केस दमट हवेत लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, म्हणून वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करायलाच हवा. मे महिन्यात उभ्या गाडीत व्हायोलिन ठेवलं तर सांध्यांचा सरस सुटतो. तिथे कोणती तार आहे याने काहीच फरक पडत नाही.

बसवताना एकेक तारच बदलावी. चारही एकदम काढल्या तर साउंडपोस्ट (आतला लाकडी खांब) पडू शकतो, आणि तो परत उभा करणं घरचं काम नाही. नट (खुंट्यांजवळची पट्टी) आणि घोडीच्या खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घासावं. खाच तारेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच खोल असावी. चारही तारांना फाइन ट्यूनर (टेलपीसवरचे बारीक सूर लावायचे स्क्रू) हवेत. स्टीलचा सूर नुसत्या खुंटीवर नेमका बसवणं म्हणजे रोजची झटापट. गज जोर न लावता दोन तारांवर टेकावा अशी घोडीची कमान जरा सपाट करून घेतली की आस धरायला हात मोकळा होतो. फार सपाट केली तर एकट्या डी तारेवर चाल वाजवताना शेजारची तारही कुरकुरते.

उणी बाजू: किंमत प्रेल्यूडपेक्षा बरीच जास्त, आणि घामाच्या हातांनी ई लवकर गंजते. गंजली की ती एकटी बदलावी, पूर्ण संच नको. ‘जी’ तार मात्र चौघांनी एकाच आठवड्यात बदलावी. जुनी आणि नवी जी शेजारी वाजल्या की खालचा पंचम जुळलेला असूनही वेगळा ऐकू येतो.