दादरचं ऑईल पेंटिंग वर्कशॉप – नदी, इंप्रेशनिस्ट स्टाईलने (४/५)
वॉटरकलर बऱ्यापैकी जमतं पण ऑईलला हात लावायची हिंमत होत नाही, अशा सगळ्यांनी हे नक्की करा. दादर वेस्टला, स्टेशनवरून चालत जाता येतं, दोन रविवार, फी साडेतीन हजार आणि त्यात रंग, ब्रश, कॅनव्हास सगळं आलं. ऑईलच्या चांगल्या ट्यूब काय भावाने मिळतात ते माहीत असेल तर फी जास्त नाही वाटणार.

सरांनी आधी मोने, म्हणजे तुटक फटकाऱ्यांनी प्रकाश पकडणाऱ्या इंप्रेशनिस्ट शैलीचा फ्रेंच चित्रकार, त्याची पॅरिसजवळच्या आर्जांतयची चित्रं दाखवली, तो १८७१ ते १८७८ तिथे सीन नदीकाठी राहायचा आणि त्याने एका होडीचाच स्टुडिओ केला होता, म्हणून त्यातल्या काही चित्रांत आपण काठावर नाही, पाण्यातच बसलोय असं वाटतं. मग समोर ठेवला कर्जतजवळच्या उल्हास नदीचा फोटो! म्हणाले पद्धत त्यांची घ्या, हिरवा आपला घ्या. आणि तो हिरवा ट्यूबमधला तयार नाही हं, अल्ट्रामरीन निळा आणि कॅडमियम यलो मिसळून त्यात कणभर लाल, तेवढ्यानेच त्याचा प्लॅस्टिकपणा जातो. काळा रंग पॅलेटवर येऊच दिला नाही. झाडाखालची सावली अल्ट्रामरीन आणि अलिझरिन या गडद लालाची, जवळून बघितली तर चक्क जांभळी, चार पावलं मागे गेलं की एकदम बरोबर.

पाण्याला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. झाडाचं प्रतिबिंब आधी उभ्या फटकाऱ्यांनी, झाडापेक्षा किंचित फिकट, आणि आकाशाचं आकाशापेक्षा किंचित गडद. मग ओल्यावरच चपट्या हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांच्या) ब्रशने तुटक आडवे फटकारे, प्रत्येक वेळी ब्रश पुसून. माझं पाणी चमकायला लागलं तसे सर मागून म्हणाले, "ताई, आता थांबा, घोटलंत की मातेरं होईल." शेजारच्या काकांनाही तेच, "काका, फटकारा मारा आणि सोडून द्या." प्रत्येकाच्या मागे उभं राहून इतक्या मनापासून सांगणारे शिक्षक मी कमी बघितलेत.

आता एक स्टार का कापला. एसीसाठी खिडक्या बंद, त्यामुळे रंग पातळ करायच्या टर्पेंटाईनचा वास डोक्यात जातो, यावर त्यांनी खरंच काहीतरी करायला हवं. कॅनव्हासचं प्रायमिंग (रंगाआधीचा अस्तराचा थर) पातळ आहे, तेल शोषून घेतं आणि नंतर मधेच मॅट पॅच दिसतात, जमलं तर स्वतःचा न्या. आणि ओलं चित्र घरी न्यायची काहीच सोय नाही! ऑईल काही पाणी उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, जाड लावलेल्या व्हाईटला तर कितीतरी दिवस लागतात, मग ते लोकलच्या गर्दीतून न्यायचं कसं? साधा पुठ्ठ्याचा खोका दिला तरी चालेल.

लिनसीडची, म्हणजे रंगातल्या जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा, हे सरांनी सगळ्यांना बजावून सांगितलं ते फार बरं केलं.

पुढच्या बॅचला जाणार असाल तर जुने कपडे घाला आणि दाराजवळची जागा आधीच फोन करून मागून घ्या, तिथे वास जरा कमी येतो.