गाण्यांसाठी नॅस घ्यावा का?

दोन डिस्कवाला, घरगुती वापराचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची, सगळ्या उपकरणांना फायली पुरवणारी साठवणपेटी) घेतला तो फक्त संगीतासाठी. मन्सूर, किशोरीताई, कुमारजी, सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाइल-प्रकार) उतरवलेल्या; तासाभराच्या सीडीला साधारण साडेतीनशे एमबी लागतात. खोक्यात डिस्क येत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, तेव्हा बजेट त्या हिशेबाने धरा.

पहिली कॉपी राउटरला केबल लावूनच करा, वायफायवर जीव जातो. नंतर आरसिंक (फायली जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम) रात्री फक्त नव्या-बदललेल्या फायली उचलतं. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम (आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे ‘फ्लॅक -टी’ ही तपासणीची कमांड चालवली की खराब झालेली फाइल लगेच सापडते. ही सोय एमपी३वाल्यांना नाही.

दुकानदार ‘रेड १ आहे, बॅकअपची चिंता सोडा’ म्हणाला. काहीतरीच! रेड १ म्हणजे दोन्ही डिस्कवर सतत तीच नक्कल; एकीकडून यमन डिलीट केला की दुसरीकडूनही त्याच क्षणी गेला. म्हणून स्नॅपशॉट (फायलींची त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवणारी सोय) चालू ठेवलेत, शिवाय एक यूएसबी डिस्क बहिणीकडे आहे.

डिस्कची खरखर मात्र विलंबित ऐकताना चांगलीच खटकते. बैठकीच्या खोलीत ठेवू नका. सोबतचं म्युझिक ॲप अगदीच सुमार, रागाप्रमाणे लावायची सोयच नाही. साठवणीला चार तारे, ॲपला एक.